शिंपल्यातलं शून्य

फ्लोरेसच्या धक्क्यावर होडीवाल्याने सुट्टे परत दिले, त्यात वीस केत्झालची एक नोट होती. केत्झाल हे ग्वाटेमालाचं चलन. तिथल्या लांब शेपटीच्या एका हिरव्या पक्ष्याचं नाव त्याला दिलेलं आहे. नोट मळलेली, घामाने मऊ पडलेली. एका कोपऱ्यात २० छापलेलं होतंच, पण वरच्या दुसऱ्या कोपऱ्यात एक ठिपका आणि त्याखाली शिंपल्यासारखं काहीतरी. आधी मला ती नक्षीच वाटली. मग चाळा म्हणून पर्समधल्या बाकीच्या नोटा बाहेर काढल्या. पाचाच्या नोटेवर एक आडवी रेघ. दहाच्या नोटेवर दोन रेघा. शंभराच्या नोटेवर वर रेघ, खाली शिंपला. होडीवाल्याला वाटलं, ही बाई खोट्या नोटा शोधतेय. तो जरा घुश्शातच काहीतरी म्हणाला.

"मावशी, तो म्हणतोय नोटा खऱ्या आहेत," भाची म्हणाली. ती ह्यूस्टनला असते, स्पॅनिश फर्डं बोलते. या प्रवासात माझी जीभ तीच.

"त्याला सांग, खऱ्याच आहेत. मी आकडे वाचतेय."

तीस वर्षं शाळेत गणित शिकवल्यावर फळा सुटतो, पण आकडा दिसला की थबकायची खोड सुटत नाही. मायांची अंकपद्धती मी पुस्तकात वाचली होती. ती बाजारात हातोहात फिरताना दिसेल असं वाटलं नव्हतं. ठिपका म्हणजे एक, रेघ म्हणजे पाच, शिंपला म्हणजे शून्य. संख्या आडवी नाही, उभी मांडायची. तळाच्या घरात सुटे, त्याच्या वरच्या घरात विसांचे गट, त्याच्याही वर चारशेंचे. म्हणजे वीस लिहायचे तर वरच्या घरात एक ठिपका, आणि खालचं घर रिकामं. ते रिकामं आहे हे सांगायला शिंपला.

शून्य ही भारताची देणगी, हे वाक्य मी कित्येक मुलांकडून पाठ करून घेतलंय. ते चूक नाही; जगभर आज जे शून्य चालतं ते इथूनच गेलं. पण कुणाचाही कुणाशी संबंध नसताना, मध्ये दोन महासागर असताना, मध्य अमेरिकेतल्या माणसांनीही रिकाम्या घरासाठी खूण लागते हे आपलं आपण ओळखलं होतं. वर्गात हे सांगायला हवं होतं. आणि विसांच्या मोजणीचं म्हणाल तर ती आपल्यालाही परकी नाही. कोडी म्हणजे वीस नग. माझी आजी शंभर कधी म्हणायचीच नाही, 'पाच विसा' म्हणायची.

फ्लोरेस हे पेतेन इत्झा सरोवरातलं एक इवलंसं बेट. रंगीत भिंतींची घरं, अरुंद गल्ल्या, वीस-पंचवीस मिनिटांत चालून प्रदक्षिणा होते. आज एका बांधाने ते किनाऱ्याला जोडलंय. याच बेटावर नोहपेतेन नावाचं इत्झा मायांचं शहर होतं, आणि ते स्पॅनिशांच्या हाती पडलं ते १३ मार्च १६९७ या दिवशी. तारीख पुन्हा वाचा. कोलंबस येऊन दोनशे वर्षं उलटून गेली होती; इकडे राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते. माया संस्कृती नवव्या शतकात 'गूढरीत्या लुप्त झाली' असं जे सर्रास छापलं जातं, त्याला या बेटाएवढं सरळ उत्तर दुसरं नाही. शेवटचं स्वतंत्र माया राज्य सतराव्या शतकाच्या अखेरीस पडलं, तेही लढून.

मायांचं टिकाल हे प्राचीन शहर इथून पासष्ट किलोमीटरवर. सूर्योदयाचं जादा तिकीट काढून आम्ही पहाटे तीनला निघालो. अंधारात, टॉर्चच्या उजेडात जंगलातून चालत चौथ्या मंदिराच्या पायथ्याशी पोचलो आणि लाकडी जिन्याने वर चढलो. हे मंदिर सुमारे पासष्ट मीटर उंच आहे, इसवी सन ७४१च्या आसपास बांधलेलं. वर दगडी पायरीवर तीस-चाळीस माणसं मुकाट्याने बसली होती. सूर्योदय झाला असावा, कारण घड्याळ तसं सांगत होतं. आम्हाला दिसलं ते धुकं. दुधात बुडाल्यासारखं पांढरं धुकं, आणि त्यातून हाउलर माकडांचा आवाज. घाटात बंद पडलेला जुना ट्रक कुणीतरी पुन्हा पुन्हा सुरू करतंय, आणि असे दहा ट्रक आहेत, असा तो आवाज. सातच्या सुमारास धुकं फाटलं तेव्हा हिरव्या समुद्रातून तीन दगडी शिखरं वर आलेली दिसली. १९७७च्या 'स्टार वॉर्स' चित्रपटात हेच दृश्य एका परग्रहाचं म्हणून दाखवलंय. मला त्याची गंमत वाटली नाही. इथल्या माणसांची कर्तबगारी परग्रहवासीयांच्या नावावर मांडायची हौस लोकांना आधीच फार आहे.

आमचा वाटाड्या पन्नाशीचा, सरोवराकाठच्या गावचा. त्याचे आजोबा इत्झा भाषा बोलायचे. त्याला मोजके शब्द येतात. आता ती भाषा बोलणारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी म्हातारी माणसं उरली आहेत, असं त्याने सांगितलं. उतरल्यावर त्याने एका झाडाच्या बुंध्यापाशी थांबवलं. सालीवर खालपासून वरपर्यंत नागमोडी वार होते, जुने, भरून आलेले. "चिको सापोते," तो म्हणाला. मी त्या झाडाकडे, पानांकडे बघत राहिले. अहो, हा चिकू! आपला डहाणू-घोलवडचा चिकू. याचं माहेर हे जंगल, आणि आपण ज्याला मराठीच समजतो तो शब्दही त्या 'चिको'मधूनच आलाय. चिकाला इथे चिक्ले म्हणतात. च्युइंग गम मुळात त्याचा व्हायचा. तो चीक काढत रानोमाळ भटकणाऱ्या मजुरांनीच जंगलातली कितीतरी उद्ध्वस्त शहरं पहिल्यांदा पाहिली.

चिकूचं लाकूड लोखंडासारखं टणक. टिकालच्या मंदिरांच्या दारांवर, म्हणजे आपल्या वाड्यांत जिथे गणेशपट्टी असते तिथे, या लाकडाच्या कोरीव तुळया बसवल्या होत्या. बाराशे पावसाळे काढून त्यांतल्या काही टिकल्या. पण त्यांतल्या बहुतेक टिकालमध्ये नाहीत. ज्या मंदिरावर बसून आम्ही धुकं पाहिलं, त्याच्या सर्वांत सुंदर तुळया १८७७ साली बर्नूली नावाच्या स्विस माणसाने काढवून नेल्या. त्या आज स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या संग्रहालयात आहेत. टिकालच्या दारात उभं राहून वर पाहावं आणि रिकामी खाच दिसावी, याचं मला वाईट वाटलं. वाटाड्याला वाटत नव्हतं. "इथे असत्या तर वाळवीने खाल्ल्या असत्या," तो म्हणाला. असेलही. पण त्यामुळे त्या बाझेलच्या होत नाहीत.

मुख्य चौकात आलो की समोरासमोर दोन मंदिरं: पहिलं आणि दुसरं. पहिलं सत्तेचाळीस मीटर उंच, उभट, अंगावर येणारं. त्याच्या पोटात हसाव चान काविल या राजाची समाधी १९६२ साली सापडली. समाधीत कोरलेली हाडं होती, आणि त्यांतल्या एकावर होडीचं चित्र: देव वल्ही मारताहेत, मध्ये मक्याच्या देवाच्या रूपातला राजा बसलाय, कपाळावर हात ठेवून. मरणानंतरचा प्रवास. नखाने काढावी इतकी बारीक रेघ आहे ती. एवढं थोरलं मंदिर बांधणाऱ्या माणसाच्या मरणाचं चित्र एका हाडावर मावलंय.

हा राजा महत्त्वाचा का, ते कळायला थोडं मागे जावं लागतं. मायांचं साम्राज्य असं कधीच नव्हतं. डझनावारी राज्यं, प्रत्येकाचा आपला राजा, आपली राजचिन्हं, एकमेकांशी सोयरीक आणि एकमेकांशी वैर. टिकालच्या इतिहासात १६ जानेवारी ३७८ हा दिवस फार गाजलेला. त्या दिवशी सियाह काक नावाचा सरदार पश्चिमेकडून इथे पोचला, आणि त्याच दिवशी टिकालचा राजा मरण पावला. शिलालेख 'मारला' असं म्हणत नाही, तो 'पाण्यात शिरला' अशा अर्थाचं काहीतरी म्हणतो. पुढे गादीवर आलेल्या राजाच्या शिल्पांत थेट तेओतिवाकानचा वेष दिसतो, आणि ते महानगर तर इथून हजार किलोमीटरवर, आजच्या मेक्सिको सिटीजवळ. मग ५६२ साली टिकाल हरलं, आणि जिंकलेल्या शत्रूंच्या वर्चस्वाच्या काळात सुमारे सव्वाशे वर्षं तिथे तारखेचा एकही स्तंभ उभा राहिला नाही. हसावने ६९५ साली कालाकमुल या वैरी राज्याच्या राजाला हरवलं आणि ही कोंडी फुटली. आपण ज्या इमारतींचे फोटो काढतो त्यांतल्या बऱ्याचशा त्या विजयानंतरच्या चार-सहा दशकांतल्या आहेत.

हे सगळं लोखंडाशिवाय. ओझी वाहायला बैल-घोडे नाहीत, चाकाची गाडी नाही. दगड तासायला दगडच, आणि धारेला ज्वालामुखीची काच. चाक त्यांना सुचलं नाही असं कुणी म्हणालं तर खुशाल हसावं. त्या जंगलात ओढायला जनावरच नसताना गाडी करून करायचं काय?

मला त्यांच्या मंदिरांपेक्षा त्यांच्या पाण्याचं अप्रूप जास्त वाटलं. टिकालला नदी नाही, झरा नाही. खडक चुनखडीचा, पाणी झिरपून जाणारा. चार-पाच महिने पाऊस नाही. अशा जागी हजारो माणसं राहिली ती साठवलेल्या पावसावर. चौकांना चुन्याचा गिलावा, गिलाव्याला हलकासा उतार, आणि उतारावरून वाहून येणारं पाणी खाली मोठ्या तलावांत. आज उभं राहून पाहिलं तर झाडीने भरलेला खड्डा दिसतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात यातल्या एका तलावात झिओलाइट नावाचं खनिज आणि स्फटिकाची वाळू सापडल्याचं नोंदलंय. दोन्ही बाहेरून आणलेलं; पाणी गाळायला. जलशुद्धीकरणाला झिओलाइट आजही वापरतात. मात्र राजवाड्याजवळच्या तलावांत पारा आणि विषारी शेवाळ साचल्याच्या खुणाही त्याच संशोधकांना मिळाल्या. पारा आला तो भिंतींना आणि प्रेतांना फासलेल्या हिंगुळाच्या लाल रंगातून. म्हणजे साध्या तलावाचं पाणी स्वच्छ, आणि राजाचं दूषित.

शेवटी पाण्यानेच घात केला असं पुष्कळ अभ्यासक मानतात. नवव्या शतकात अवर्षणांची रांग लागली. एकट्या दुष्काळावर सगळं ढकलता येणार नाही. सततची युद्धं होती, जंगल तोडून तोडून संपवलेलं होतं, खाणारी तोंडं वाढली होती, आणि पाऊस आणणारा म्हणून ज्याला मान द्यायचा त्या राजाचा पाऊस येत नव्हता. टिकालचा शेवटचा तारखेचा स्तंभ ८६९चा आहे. २०१८ साली विमानातून लेझर किरण सोडून पेतेन या इथल्या प्रांतातल्या झाडीखालची जमीन तपासली, तेव्हा २,१०० चौरस किलोमीटरमध्ये साठ हजारांहून जास्त बांधकामं निघाली: घरं, बांध, रस्ते, तटबंद्या. जंगल आपण समजतो तसं आदिम नाही. ते ओसाड पडलेल्या शेतांवर उगवलेलं आहे.

माणसं मात्र संपली नाहीत. ती उत्तरेला आणि डोंगरांत गेली. उत्तरेला युकातानमध्ये तेव्हा उश्माल, चिचेन इत्झा भरभराटीला आली. आम्ही ग्वाटेमालाच्या आधी चार दिवस तिथेच काढले होते. चिचेन इत्झाविषयी फार लिहीत नाही. तिथल्या पिरॅमिडच्या चार बाजूंना प्रत्येकी एक्क्याण्णव पायऱ्या आणि माथ्याची एक मिळून तीनशे पासष्ट, हा हिशेब सुंदर आहे. विषुवदिनी कठड्यावरून सरपटणारा सावलीचा साप त्याहून सुंदर असेल. पण पिरॅमिडवर चढायला २००६पासून बंदी, भोवती शेकडो दुकानं, आणि दर दोन मिनिटांनी जग्वारची डरकाळी काढणाऱ्या लाकडी शिट्ट्या. तीन तासांत आम्ही बाहेर.

खरी जागा मला भेटली ती मानी. युकातानमधल्या मेरिदा शहरापासून शंभरेक किलोमीटरवरचं झोपाळू गाव. मोठं पटांगण, एक जुना फ्रान्सिस्कन मठ, सावलीत बसलेली चार माणसं. १२ जुलै १५६२ रोजी या पटांगणात दिएगो दे लांदा नावाच्या धर्मोपदेशकाने मायांच्या मूर्ती आणि पोथ्या जाळल्या. अंजिराच्या जातीच्या झाडाच्या सालीचा कागद, त्यावर चुन्याचा हात, आणि घडी घालून मिटायची अशी ती लांबलचक पुस्तकं. पंचांगं, ग्रहणांची कोष्टकं, देवांच्या कथा. ती जळताना लोकांना किती दुःख झालं याची नोंद खुद्द लांदानेच करून ठेवलीय, काहीशा आश्चर्याने. आज जगात मायांच्या चार पोथ्या उरल्या आहेत. तीन युरोपात: ड्रेस्डेन, माद्रिद आणि पॅरिस. चौथी मेक्सिकोत.

पुढे या माणसावर चौकशी बसली, त्याला स्पेनला परत जावं लागलं. तिथे त्याने १५६६च्या सुमारास युकातानवर एक ग्रंथ लिहिला. त्यात माया लिपीची 'ए बी सी' दिली. ही गोष्ट इंग्रजी पुस्तकांत वाचताना कोडं वाटते. मराठी माणसाला ती एका झटक्यात कळेल, म्हणून सविस्तर सांगते.

लांदा एका माया लेखनिकाला विचारतोय: 'बे' कसं लिहितोस? स्पॅनिशमध्ये बी या अक्षराचं नाव 'बे'. त्याला हवं होतं ब् हे नुसतं व्यंजन. पण त्या लेखनिकाच्या लिपीत नुसतं व्यंजन नव्हतंच. होतं ते अक्षर, स्वरासकट. म्हणजे आपली बाराखडी. त्याने ऐकलं तसं लिहिलं: बे. मग लांदाने 'ले' हा शब्द लिहायला सांगितला. माया भाषेत त्याचा अर्थ फासा. स्पॅनिश पद्धतीने त्याने फोड करून सांगितली: 'एले', 'ए', 'ले'. लेखनिकाने तेही प्रामाणिकपणे लिहून दिलं: ए-ले-ए-ले. पंतोजींनी 'क-काना-का' म्हणावं आणि मुलाने पाटीवर ते सगळंच लिहावं, तसं. शेवटी लांदा म्हणाला, तुला हवं ते एखादं वाक्य लिही. त्याने लिहिलं, मा इन काती. मला नको आहे.

त्या लेखनिकाचं नाव काय होतं, कुणाला ठाऊक? पण त्याची ही तीन शब्दांची नोंद राहिली.

लांदाची 'ए बी सी' निरुपयोगी म्हणून अभ्यासकांनी बाजूला टाकली. त्याच्या ग्रंथाची प्रत १८६२मध्ये माद्रिदला सापडली, तरी पुढची नव्वद वर्षं लिपी काही बोलेना. आकडे मात्र बोलले. ड्रेस्डेनच्या ग्रंथपालाने, फ्योर्स्टेमानने, आपल्याच ग्रंथालयातली पोथी समोर ठेवून १८८०च्या दशकात कालगणना उलगडली. त्या पोथीत शुक्राचं कोष्टक आहे. शुक्राची एक फेरी ५८४ दिवसांची. अशा पाच फेऱ्या म्हणजे २,९२० दिवस, आणि आठ वर्षं म्हणजेही बरोबर तितकेच. हा मेळ साधायला लागतात नुसते डोळे, चिकाटी आणि पिढ्यान्पिढ्या जपलेल्या नोंदी. हे गणित मी दहावीच्या वर्गाला लसाविच्या धड्यात घालायला हवं होतं.

लसावि त्यांचा आवडता दिसतो. त्यांच्याकडे २६० दिवसांचं एक पंचांग होतं: तेरा अंक आणि वीस दिवसांची नावं, दोन्ही एकत्र पुढे सरकणार. दुसरं ३६५ दिवसांचं: वीस-वीस दिवसांचे अठरा महिने, आणि वर पाच अशुभ दिवस. दोन्ही चाकं पुन्हा एकाच खुणेवर यायला बावन्न वर्षं लागतात. आपल्या संवत्सरांची नावं साठ वर्षांनी परत येतात, तसंच. पण नाव परत आलं की कुठल्या फेरीतलं ते कळत नाही, म्हणून आपल्याला शक लागतो, त्यांनाही लागला. त्यांनी इसवी सनापूर्वी ३११४मधल्या एका दिवसापासून सरळ दिवस मोजले. टिकालच्या एका स्तंभावर ८, १२, १४, ८, १५ असे आकडे एकाखाली एक आहेत. घरांच्या किमती १,४४,०००, ७,२००, ३६०, २० आणि १. मी हॉटेलात परतल्यावर वहीत गुणाकार केला: १२,४३,६१५ दिवस. म्हणजे इसवी सन २९२. तिसऱ्या घरात चारशेंऐवजी तीनशे साठ घेतले, कारण इथे मोजायचं होतं वर्ष.

आणि २०१२? त्या वर्षी २१ डिसेंबरला तेरा थोरली आवर्तनं पुरी झाली, बस. गाडीच्या मीटरवरचे सगळे नऊ जाऊन शून्यं यावीत तेवढंच. पालेंके या माया शहरातल्या शिलालेखात तर राजा पाकालच्या राज्यारोहणाचा संबंध थेट इसवी सन ४७७२मधल्या एका दिवसाशी जोडलाय. जगबुडी मायांनी सांगितली नव्हती. ती टीव्हीवाल्यांनी सांगितली.

लिपी बोलती केली ती लेनिनग्राडमध्ये बसलेल्या यूरी क्नोरोझोव्हने. ज्या शहरांची लिपी वाचायची ती त्याने पाहिलेली नव्हती. समोर होत्या छापलेल्या पोथ्या आणि लांदाची टाकून दिलेली 'ए बी सी'. १९५२मध्ये त्याने लिहिलं की ही मुळाक्षरं नाहीत, ही अक्षरं आहेत, स्वरासकट. पोथीत टर्की पक्ष्याच्या चित्रावर दोन खुणा. पहिली लांदाच्या यादीतली 'कु'. माया भाषेत टर्कीला म्हणतात कुत्स. मग दुसरी खूण 'त्सु' हवी. आता कुत्र्याच्या चित्रावर बघा: तिथे हीच 'त्सु' पहिली, आणि पुढे 'लु'. कुत्रा म्हणजे त्सुल. जुळलं! त्या काळचे सर्वांत वजनदार माया-पंडित एरिक थॉम्पसन यांनी ते हयातभर उडवून लावलं; शीतयुद्धाच्या काळात रशियनाचं कोण ऐकणार? दुसरीकडे तात्याना प्रोस्कुरियाकोव्ह या मूळच्या रशियन, अमेरिकेत वाढलेल्या बाईंनी १९६०मध्ये दाखवून दिलं की स्तंभांवर देवांची स्तोत्रं नसून राजांचे जन्म, राज्यारोहणं आणि लढाया आहेत. त्या शिक्षणाने वास्तुविशारद. पडकी मंदिरं मूळची कशी दिसत असतील त्याची चित्रं काढायला म्हणून या क्षेत्रात शिरल्या. क्नोरोझोव्हला ग्वाटेमालाचं दर्शन घडलं १९९० साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी.

प्रवासाचा शेवट आम्ही डोंगरातल्या चिचिकास्तेनांगोत केला. इथले लोक किचे माया. गुरुवारी आणि रविवारी बाजार भरतो. सांतो तोमास चर्चच्या पायऱ्यांवर फुलवाल्या बसतात, आणि कोपालचा धूर एवढा की दार दिसत नाही. वास आपल्या उदाचा भाऊ शोभेल असा. आत मेणबत्त्या जमिनीवर लावलेल्या. येशूपुढे किचे भाषेत नवस बोलले जातात. याच गावात अठराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सिस्को हिमेनेस या पाद्र्याने 'पोपोल वुह' या किचे ग्रंथाची नक्कल करून ठेवली. एका पाद्र्याने पोथ्या जाळल्या, एकाने उतरवून घेतली. त्या ग्रंथात देव माणूस घडवतात तो मक्याच्या पिठाचा. मातीचा आणि लाकडाचा आधी फसलेला असतो.

मक्याला इथे चुन्याच्या पाण्यात शिजवून मग वाटतात. बाजारातल्या बाईने पिठाचा गोळा दोन्ही हातांनी थापून तव्यावर टाकला, तो थाप-थाप आवाज डोळे मिटून ऐकला असता तर मी सोलापुरात होते. चुन्याने नुसतं मक्याचं टरफल सुटत नाही, मक्यात अडकून बसलेलं एक जीवनसत्त्व मोकळं होतं. युरोपने मका नेला, चुना नेला नाही. आणि शतकानुशतकं तिथले गरीब पेलाग्राने खंगून मेले.

या डोंगरांनी अलीकडेही पुष्कळ भोगलंय. १९६० ते १९९६ असं छत्तीस वर्षं इथे यादवी युद्ध चाललं. दोन लाखांहून अधिक माणसं मारली गेली किंवा नाहीशी केली गेली, आणि सत्यशोधन आयोगाच्या १९९९च्या अहवालानुसार ज्यांची ओळख पटली त्यांतले ८३ टक्के माया होते. 'लुप्त झालेली संस्कृती' हा शब्दप्रयोग मला आता म्हणूनही टोचतो. ग्वाटेमालात आज बावीस माया भाषांना कायद्याने मान्यता आहे. एकट्या किचेचे बोलणारे दहा लाखांच्या घरात. २६० दिवसांचं पंचांग सांभाळणारे, लग्नाला आणि पेरणीला दिवस बघून देणारे इथे गावोगाव आहेत. त्यांना आहकीह म्हणतात, दिवसांचे जाणते. जळलेल्या पोथ्यांतली मोजणी त्यांच्या तोंडी चालत राहिली.

थापलेल्या तोर्तिया घेतल्यावर मी त्या बाईला भाचीकरवी विचारलं, विसाला तुमच्या भाषेत काय म्हणतात? "हुविनाक," ती म्हणाली. 'विनाक' म्हणजे माणूस. हाताची दहा बोटं, पायाची दहा. वीस म्हणजे एक अख्खा माणूस. मी तिला विसाची नोट दाखवली. तिने ती माझ्या हातातून घेतली, गल्ल्यात टाकली आणि सुट्टे दिले.

तुम्ही गेलात तर सूर्योदयाच्या जादा तिकिटाचे पैसे वाचवा आणि टिकालला दुपारी उशिरापर्यंत थांबा. गर्दी तीननंतर ओसरते. आणि सुट्टे घेताना नोटांचे कोपरे जरूर बघा. शिंपला विसाच्या नोटेवर आहे, शंभराच्या नोटेवर आहे. पन्नासच्या नोटेवर नाही. का नाही, ते एकदा कागदावर स्वतः मांडून पाहा.